राउटर बदलण्याआधी केबल लावून मोजा

चोपड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घर दुमजली आहे. खालचा मजला आजोबांच्या काळातला, जाड भिंतींचा. वरच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या, स्लॅबच्या. फायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन. केबलवाल्याने दिलेला राउटरचा डबा खाली बैठकीत, टीव्हीच्या शोकेसमध्ये. त्याच्यासमोर उभं राहून मोबाइलवर मोजलं तर ४० येतात, वर मुलाच्या खोलीत ६ ते ८. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो आणि त्याची मीटिंग अडकते. रात्री नऊनंतर सगळंच रखडतं. शिवाय ऊन तापायला लागल्यापासून दुपारी डबा आपोआप बंद-चालू होतो. केबलवाला म्हणतो, तीन हजारांचा नवा राउटर घ्या. घ्यावा का?

आत्ता घेऊ नका, भाऊ. कदाचित नंतर घ्यावा लागेलही, पण त्याआधी काय बिघडलंय ते कळू द्या. तुम्ही एकच तक्रार म्हणून लिहिलंय, मला त्यात तीन दिसतात: वर कमी, रात्री कमी, दुपारी बंद. तिन्हींचं मूळ वेगवेगळं असण्याचीच शक्यता जास्त. तीन हजारांचा डबा आणून त्याच शोकेसमध्ये ठेवलात तर वरच्या खोलीत फारसा फरक पडणार नाही, रात्रीच्या रखडण्यात अजिबात नाही, आणि दुपारी तो नवा डबाही तसाच तापेल.

जळगाव-धुळे पट्ट्यात घरोघरी फायबर आणि वायफाय जोडण्याचं माझं काम. ‘नेट गयं’ म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: केबल लावून मोजलं का? उत्तरही ठरलेलं, नाही, मोबाइलवर बघितलं. मोबाइलवर मोजलं की बाहेरची लाइन, डबा आणि घरातली हवा या तिघांचा हिशोब एकाच आकड्यात येतो. कोणाच्या नावावर किती तोटा टाकायचा ते त्यातून कळत नाही.

म्हणून आधी हे करा. मुलाचा लॅपटॉप खाली आणा. डब्याच्या मागे लॅन लिहिलेल्या पिवळ्या किंवा काळ्या खाचेत केबल लावा, दुसरं टोक लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्हीही पाच मिनिटं वायफायवरून काढा, नाहीतर एक पोरगं आतल्या खोलीत व्हिडिओ बघत असतं आणि आपण आकड्यावर वाद घालत बसतो. मग स्पीड मोजा. पहाटे सहाला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा. मोजताना सर्व्हर, म्हणजे ज्या दूरच्या यंत्राशी वेग मोजला जातो ते, आपोआप निवडू देऊ नका, मुंबईचा एखादा निवडा. आपोआप निवडलेला सर्व्हर बऱ्याचदा तुमच्या केबलवाल्याच्याच जाळ्यातला असतो. तिथे शंभर दिसले तर तुमच्या घरापासून त्याच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता चांगला आहे एवढंच सिद्ध झालं. त्याच्यापुढे मुंबईकडे त्याने किती क्षमता विकत घेतलीय हे त्यात दिसत नाही.

आकडा वाचताना एक काळजी. प्लॅन १०० मेगाबिटचा असतो आणि डाउनलोड होताना खिडकीत दिसतो तो मेगाबाइटचा आकडा. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० चा प्लॅन पूर्ण जोरात चालला तरी फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटनेच उतरणार. ‘शंभरचे पैसे घेतात आणि बाराच देतात’ ही तक्रार घेऊन ऑफिसात भांडायला गेलेली माणसं मी पाहिलीत.

केबलवर ९३ ते ९५ आले तर तुमच्या प्लॅनला ते पूर्ण आहे. जुन्या डब्यांची लॅन खाच १०० मेगाबिटचीच असते आणि पत्ते-तपासणीच्या जास्तीच्या बिटांचा खर्च वजा जाता ९४ च्या आसपासच हाती लागतात. हा ९४ आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे तुम्ही २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतलात आणि तरी काटा ९४ वर अडकला, तर लाइनला दोष देऊ नका, तारेकडे बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. १००० मेगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, दारात चेंगरली, उंदराने कुरतडली किंवा कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, नेट चालू राहतं. असं घर सापडलं की मी कनेक्टर उजेडात धरतो. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. बहुधा एक तपकिरी तार दोन मिलिमीटर मागे राहिलेली असते. वीस-तीस रुपयांचं काम. त्याच्यासाठी आधी राउटर बदललेला असतो, मग प्लॅन, मग केबलवालाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे दोन यंत्रांनी आपसात ठरवलेला वेग, १००/१०० की १०००/१००० ते दिसतं, तिथेच बघून घ्या.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की पहाटे केबलवर तुम्हाला नव्वदच्या वर मिळतील. तसं झालं तर बाहेरची लाइन सकाळी तरी निर्दोष, आणि वरच्या खोलीतला तोटा सगळा घरातल्या हवेत.

आता ती हवा. तुम्ही लिहिलेला ४० चा आकडा मला बरंच काही सांगून गेला. डब्याच्या समोर उभं राहून ४० म्हणजे मोबाइल वायफायच्या दोन लहरपट्ट्यांपैकी हळू असलेल्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. या पट्ट्यावर साध्या मोबाइलची डब्याशी लिंक जास्तीत जास्त ७२ मेगाबिटची बनते आणि त्यातले निम्म्याच्या थोडे वरच प्रत्यक्ष वापराला मिळतात. म्हणजे ४० हा त्या पट्ट्यावरचा चांगला आकडा आहे, तिथे काहीही बिघडलेलं नाही. तोच मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडला तर लिंक ४३३ ची बनते आणि तुमचे १०० आरामात मिळतात. डब्याच्या पोटावरचा कागद वाचा. नुसतंच ३०० एमबीपीएस किंवा ‘एन ३००’ लिहिलं असेल तर त्यात ५ चा पट्टाच नाही. ‘एसी १२००’ किंवा डुअल बँड लिहिलं असेल तर आहे, पण मोबाइल तिकडे गेलेला नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असलं की पुष्कळ फोन २.४ लाच चिकटून राहतात. राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते पान) जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, म्हणजे कोण कुठे आहे ते तुम्हाला दिसेल.

लिंक जर नेमकी ५४ वर अडकलेली दिसली तर सुरक्षा प्रकार बघा. जुन्या डब्यांत डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेलं असतं आणि त्या प्रकारात वायफाय ५४ च्या वर जातच नाही. डब्ल्यूपीए-२ एईएस करा, संपलं.

पण ५ गिगाहर्ट्झ म्हणजे जादू नव्हे. तो पट्टा वेगवान आहे आणि भिंतीपुढे लवकर हात टेकतो. आपल्याकडची जुनी घरं वायफायच्या हिशोबाने अवघडच. दीड-दोन फुटांच्या माती-विटांच्या भिंती, काही ठिकाणी दगडी जोतं, वरती धाबं, म्हणजे मातीचं छप्पर. तुमच्याकडे धाब्याच्या जागी स्लॅब आला, म्हणजे सळईची जाळी आली. बैठकीतून मुलाच्या खोलीपर्यंत लहर तिरकी जाते, आणि तिरकी जाताना दोन फुटांची भिंत तीन फुटांची होते हे कोणी लक्षात घेत नाही. वाटेत आणखी काय काय आहे ते बघा. लोखंडी कपाट, गव्हा-ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्या, मोठा आरसा. आणि मार्चपासून जूनपर्यंत पाण्याने भरलेला पत्र्याचा कुलर. पत्रा लहर परतवतो आणि पाणी ती शोषून घेतं. ‘हिवाळ्यात आतल्या खोलीत नेट यायचं, आता येत नाही’ असं कोणी एप्रिलमध्ये सांगितलं की मी आधी कुलर कुठे ठेवलाय ते विचारतो.

टीव्हीच्या शोकेसमध्ये डबा ठेवणं हा तर घरोघरचा रिवाज. दिसायला बरं दिसतं. पण पुढे काच, मागे भिंत, खाली सेटटॉप बॉक्स आणि शेजारी टीव्हीचा भलामोठा धातूचा पाठीमागचा पत्रा. डबा तिथून काढा आणि जिन्याच्या तोंडाशी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर लावा. जिना म्हणजे स्लॅबमधलं भोकच, लहर तिथून वर चढते. फायबर लांबवावी लागेल, तर केबलवाल्याकडून लांब पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली तयार फायबर) मागा. एवढं केल्यावर वर ६ चे २० झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि त्यासाठी पैसे जवळजवळ काहीच लागत नाहीत.

चॅनेलचंही, म्हणजे पट्ट्यातल्या मार्गिकेचंही, बघून घ्या. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप टाकून वरच्या खोलीत उभे राहा, शेजाऱ्यांची गर्दी कुठे आहे ते दिसेल. तिघांपैकी मोकळं निवडा. ३ किंवा ८ निवडून शहाणपणा करू नका, त्यात दोन्हीकडचा गोंगाट येतो. चॅनेलची रुंदी ‘ऑटो’वर असेल तर २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर आकडा मोठा दिसतो, पण गल्लीत दहा वायफाय असतील तर रोजच्या वापरात २० च सरळ चालतं. ५ गिगाहर्ट्झला ३६ किंवा १४९ ठेवा, रुंदी ८०.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. वायफायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. त्यामुळे लांबच्या खोलीतला, कमी सिग्नलचा, आठ-दहा वर्षं जुना एखादा मोबाइल सगळ्या घराचा वेग खाली आणतो. रेशनच्या दुकानात एकाचा अंगठा मशिनवर लागेना की मागची सगळी रांग उभी राहते, तसं. त्या मोबाइलला हवा असतो एक फोटो, पण तो फोटो १ मेगाबिटच्या वेगाने घेताना तो हवेतला जेवढा वेळ खातो, तेवढ्यात जवळच्या लॅपटॉपने पन्नासपट माल उतरवला असता. म्हणून राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडून बघा. तिथे तुमच्या घरातली किती आणि शेजारची किती, तेही कळेल. पासवर्ड घरमालकाचाच मोबाइल नंबर असतो, आणि तो नंबर अख्ख्या गल्लीला पाठ असतो.

मुलाच्या खोलीसाठी खरा उपाय म्हणाल तर तार. व्हिडिओ मीटिंगला १०० लागतच नाहीत, ३-४ एमबीपीएस सलग मिळाले तरी ती सुरळीत चालते. तुमच्याकडे ६ ते ८ येतात आणि तरी ती अडकते, म्हणजे अडचण वेगाची कमी आणि सलगपणाची जास्त. हे तपासायला मुलाला सांगा, वरच्या खोलीत बसून लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१, पिंग (छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेव आणि मीटिंग कर. उत्तरं २ ते ५ मिलिसेकंदांत येत राहिली तर हवा ठीक आहे. मधूनच २००, ४०० किंवा ‘टाइम्ड आउट’ दिसायला लागलं तर मीटिंग घराच्या आतच तुटतेय. पुण्याच्या कंपनीचा किंवा केबलवाल्याचा त्यात दोष नाही.

यावर दुकानदार रिपीटर, म्हणजे वायफाय घेऊन पुढे फेकणारं यंत्र, देतील. भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचं, पटकन काम. पण साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर घेतो त्याच पट्ट्यावर पुढे देतो, त्यामुळे वेग निम्मा होतो, आणि तो वरच्या खोलीतच लावला तर तिथे आलेला मरतुकडा सिग्नलच तो पुढे वाटतो. त्यापेक्षा जिन्यातून एक कॅट-६ लॅन केबल वर न्या आणि वर दीड-दोन हजारांतला डुअल बँड राउटर अॅक्सेस पॉइंट (तारेने आलेलं नेट वायफायवर वाटणारा डबा) म्हणून लावा. केबलवाल्याने सुचवलेल्या तीन हजारांपैकी उरलेल्या पैशांत केबल आणि मजुरी भागते. घरात एखादा जुना राउटर पडलेला असेल तर तोही चालतो. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन खाचेत न लावता लॅन खाचेत लावा. मुलाच्या लॅपटॉपला तर तिथूनच थेट केबल द्या, वायफायच नको.

केबल घेताना तांब्याचीच मागा. सीसीए लिहिलेली घेऊ नका, ती आतून अॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. वळवताना तुटते. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर काळी, बाहेरच्या वापराची घ्या. घरातली राखाडी केबल आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते आणि मग पावसाचं पाणी आत झिरपतं. भिंतीच्या भोकातून आत घेण्याआधी तिला बाहेर जरा खाली लोंबतं वळण द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल.

आता दुपारचं बंद-चालू. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. हे आकडे भुसावळ-जळगावच्या मे महिन्यासमोर धरून बघा. बाहेर ४४-४५, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत त्याच्या आसपास, आणि काचेच्या शोकेसमध्ये सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर त्याहून पाच-सात अंश जास्त. चिप तापली की डबा आधी मंद होतो, मग अडकतो, मग स्वतःच उठून बसतो. दुपारी दीड-दोनला डब्याला हात लावा. हात ठेववत नसेल तर कारण सापडलं. जिन्याच्या भिंतीवर मोकळा लावलात तर वरच्या खोलीचा सिग्नल आणि दुपारचा ताप, दोन्हींचा इलाज एकदमच झाला. माळ्यावर किंवा पत्र्याखाली मात्र लावू नका. पंख्याची झुळूक लागत असेल तर उत्तम. डब्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात आपल्याकडे किती धूळ बसते ते तुम्हाला सांगायला नको.

तापलेला नसेल आणि तरी बंद-चालू होत असेल तर वीज बघा. अॅडॅप्टरवरचे आकडे डब्यावरच्या आकड्यांशी जुळतात का? डब्याला १२ व्होल्ट दीड किंवा दोन अँपियर हवे असतात आणि घरात फिरता फिरता सेटटॉप बॉक्सचा १ अँपियरचा त्याला लागलेला असतो. पिन बसते, दिवे लागतात, पण वायफायवर जोर आला की डबा मान टाकतो. जुना अॅडॅप्टरही असाच दमतो. राउटर फेकण्याआधी दोनशे रुपयांचा अॅडॅप्टर बदलून बघा, हा सल्ला मी दर उन्हाळ्यात देतो.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पण राउटर रीस्टार्ट होतो आणि परत नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. बटण यूपीएसवर करा. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो फायबरच्या डब्याला आणि वरच्या राउटरला, दोघांनाही लागेल. एकालाच लावून ‘तरी बंद पडतं’ म्हणणारेही भेटतात.

राहिलं रात्रीचं. इथे पहाटेचा आणि रात्रीचा केबलवरचा आकडा शेजारी ठेवा. रात्रीही केबलवर नव्वद मिळाले तर दोष पुन्हा घरातच. शेजाऱ्यांची वायफायही त्याच वेळी जोरात असतात, चॅनेल बदला. शिवाय तुमची स्वतःची माणसं घरी आलेली असतात. रात्री मोबाइल चार्जिंगला लागले की लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ढगात, म्हणजे क्लाउडवर, चढवायला सुरुवात करतात, दारावरचा कॅमेराही चढवतच असतो. अपलोड भरून गेला की डाउनलोडही अडतं, कारण प्रत्येक पानाची मागणी आधी वरच जावी लागते. फोटो चढत असताना पिंग ३० वरून ५०० वर गेलेला दिसला तर हेच. बॅकअपची वेळ पहाटेवर टाका किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडला मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर लगाम घाला.

रात्री केबलवरही आकडा २०-३० वर आला तर मात्र तो केबलवाल्याचा प्रश्न आहे, आणि राउटर घ्या म्हणून तो तुमच्या गळ्यात मारतोय. फायबर मात्र याला सहसा कारण नसते. जीपॉनच्या, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीच्या, एका धाग्यावर खाली येणारी क्षमता जवळपास २.५ गिगाबिट असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळे एकदम शंभर मागत नाहीत, त्यामुळे तिथे क्वचितच अडतं. अडतं ते त्याच्यापुढे, त्याने वरून घेतलेल्या क्षमतेत. ओळखण्याची खूण अशी की रात्री यूट्यूब बरं चालतं, कारण ते त्याच्या जवळच साठवलेल्या प्रतीतून येतं, आणि बाकीच्या साइट, ऑफिसचं व्हीपीएन, फाइल उतरवणं रखडतं. महिन्याच्या शेवटीच असं होत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपलीय का ते आधी बघा. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते आणि त्यानंतर वेग खाली येतो.

पहाटेही केबलवर कमी आलं तर फायबरचा उजेड तपासा. डब्याच्या पानावर पॉन किंवा ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचा जोर, लिहिलेला असतो, उणे आकड्यात. मायनस १५ ते मायनस २५ म्हणजे निश्चिंत. मायनस २७ च्या पलीकडे गेला की डबा ऐकू न येणाऱ्या माणसासारखा वागतो, मधूनमधून तुटतो, आणि शेवटी एलओएसचा, म्हणजे उजेड येत नसल्याचा, लाल दिवा लागतो. आपल्याकडे ड्रॉप वायर, म्हणजे घरापर्यंत येणारी फायबर, खांबावरून खांबावर लोंबत येते. कापसाचा उंच भरलेला ट्रक किंवा कडब्याची ट्रॉली तिला ओढून नेते, मग कोणीतरी घाईत जॉइंट मारतो. मृगाच्या आधीच्या वादळात रावेर-यावलकडे केळी आडव्या होतात तेव्हा वायरीही उतरतात. प्रत्येक खराब जॉइंटला उजेड गळतो, आणि ३ डेसिबल गळाले म्हणजे निम्मा गेला. घरातही बघा. खिडकीच्या चौकटीत चेंगरलेली, खिळ्याभोवती आवळलेली फायबर हमखास सापडते. वेटोळं पेल्याच्या तोंडाएवढं तरी मोठं ठेवा. टोकाचा कनेक्टर हिरवा आणि डब्याची खाच निळी, किंवा उलटं, असं दिसलं तर केबलवाल्याला बोलवा. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, दोघं नीट टेकत नाहीत. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला उजेड दिसत नाही, पण असतो.

वेग मोजण्यात चांगला येतो, फक्त प्रत्येक पान उघडायला सुरुवातीला चार-पाच सेकंद लागतात, असं असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला. १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका. बाकी काही करू नका.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. सांगा: केबलवर, सगळी यंत्रं काढून, मुंबईच्या सर्व्हरवर पहाटे ९४ आणि रात्री २२, आरएक्स पॉवर मायनस इतका. चार-पाच दिवसांचे फोटो ठेवा. असा आकडा ऐकला की समोरचा माणूस राउटरचं नाव काढत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. तो देणं ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. एक मात्र ध्यानात असू द्या. सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएस म्हणजेही ब्रॉडबँड. त्यामुळे व्याख्येवर भांडण्यात हाती काही लागत नाही, तुमच्या प्लॅनच्या कागदावर काय लिहिलंय त्यावरच बोला.

हे सगळं करून राउटर घ्यावाच लागला तर अँटेना मोजू नका. दोन पट्टे आणि सगळ्या खाचा गिगाबिटच्या, एवढं बघा. ‘एसी १२००’ लिहून खाचा १०० च्याच ठेवलेले डबे बाजारात भरपूर आहेत.

आणि या सगळ्या खटाटोपात डब्यामागचं ते बारीक भोक, ज्यात टाचणी खुपसून रीसेट होतं, त्याला हात लावू नका. त्याने पीपीपीओईचं (केबलवाल्याच्या लाइनवर लॉगिन होण्याचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन हा लाइनचा सेटिंग-आकडा, सगळं पुसलं जातं. मग केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत घरात ६ चं नेटही नाही, आणि शनिवारी संध्याकाळी पुसलंत तर तो सोमवारी येतो. बंद-चालू करायचं असेल तर प्लगचं बटण आहेच. त्याआधी केबलवाल्याकडून नाव-पासवर्ड वहीत लिहून घेतलेला बरा.